काकांनी निवडलेलं इंजिन

पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळ. बुरहानपूरला, लालबागेतल्या आमच्या घराचं अंगण. हजर: काका, म्हणजे माझे घरमालक आणि जीपचे मालक, काकू, त्यांचा मुलगा नितीन, पुण्याहून आलेला, रजा एक दिवसानं वाढवलेली, लोधीपुऱ्याचे रऊफभाई मिस्त्री, पान्यांची पिशवी घेऊन, आणि मी, खालच्या मजल्यावरची भाडेकरू. काम: जीप धूलकोटच्या पुढे शेतापर्यंत नेणे, शेवटचा चढ चढणे, परत येणे. चालवणार: काका. दुसरं कोणी नाही.

असं सगळं नोंदवून ठेवायची मला सवय आहे. केळीवाल्यांना ठिबकचं सामान विकते. वेळेवर नळी पोचली नाही तर बाग वाळते, म्हणून याद्या. काका माझ्या याद्यांना हसायचे. त्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. ते हात लावून बघायचे.

हात लावायचे म्हणजे तळहात पूर्ण टेकवायचे आणि डोळे मिटून थांबायचे. चहाच्या ग्लासाला, पाण्याच्या टाकीला, भिंतीला, टरबुजाला, भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याच्या पाठीला. मी घर पाहायला आले तेव्हा त्यांनी मला काही विचारण्याआधी माझ्या स्कूटरच्या इंजिनाला हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही दुकानातून सरळ नाई आल्या. आधी दोन घरं पाहून आल्या." पाहिली होती. मग म्हणाले, ती घरं पसंत पडली असती तर स्कूटर इथवर आली नसती, तेव्हा आता भाव करत बसू नका. मी नाही केला.

काका मूळचे जळगावकडचे. कागद कारखान्यात बॉयलरवर नोकरी म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी जेवण पाळीच्या वेळेलाच. सकाळपाळीच्या आठवड्यात ताट लवकर, दुपारपाळीच्या आठवड्यात उशिरा, आणि कारखान्यात आता कोणती पाळी चालू असती हे मनात धरलेलं. काकू म्हणायच्या, पगार बंद झाला पण पाळी नाही सुटली. माणसांबद्दल बोलायची त्यांची भाषाही बॉयलरची आणि गाडीची. एखादा नुसता बोलणारा असला तर "आवाज लय, ओढ नाई". आमच्या गल्लीतल्या एका पुढाऱ्याला ते नेहमी न्यूट्रलच म्हणत. चढावर गाडीत कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. बोललं की गाडीचं ऐकू येत नाही, आणि गाडी चढावरच खरं बोलते, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या जीपमध्ये बसणारा माणूस सपाटीवर सगळं बोलून घ्यायचा.

जीप जुनी, उघडी, हिरव्या रंगावर हिरवाच रंग मारलेली. तिचं काम एकच, धूलकोटच्या पुढच्या डोंगरउतारावरच्या शेतावर जाणं. पक्का रस्ता संपला की नाला, नाल्यापलीकडे सुट्या दगडांचा चढ. तिथं दुसरी गाडी जात नाही. त्या चढावर मागच्या हिवाळ्यात जीपच्या इंजिनानं दम सोडला आणि ती उलटी घसरत खाली आली. एका शेतकऱ्यानं चाकामागे दगड टाकला म्हणून नाल्यात गेली नाही. काका घरी येऊन पाळीच्या वेळेला जेवले. पण काकूंनी नितीनला फोन केलाच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नितीन आला आणि बोलणं झालं. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेत विकावं, घर विकावं, दोघांनी पुण्याला यावं; नातू तिकडे, दवाखाना तिकडे. काकूंची तयारी होती. त्यांची मोठी पिशवी तेव्हापासून कपाटाच्या वर नव्हती, खाली होती. काका म्हणाले, गाडी म्हातारी झाली, मी नाही. नितीन म्हणाला, मग दाखवा. पोळ्यापर्यंत गाडी दुरुस्त करा, स्वतः चालवून तो चढ चढा. चढलात तर मी हा विषय काढणार नाही. नाही चढलात तर पुणे.

"ठरलं," काका म्हणाले. त्यांचं ठरलं म्हणजे ठरलंच असायचं. कारखान्यात एकदा दूध सोडायचं ठरवलं ते निवृत्तीपर्यंत काळा चहा प्यायले. कशावरून ठरवलं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं.

रऊफभाईंनी जुनं इंजिन उघडून पाहिलं आणि झाकलं. म्हणाले, काका, हिच्यात जान नाही राहिली, बनवण्यापेक्षा बदला. जपानहून जुनी डिझेल इंजिनं कंटेनरनं येतात, तिकडे गाड्या लवकर मोडीत काढतात, इंजिन अजून तरुण असतं. भिवंडीकडे गोदामं आहेत. मला सामानासाठी तिकडे जायचंच होतं, शिवाय आयातीचे कागद, इंजिन नंबर, परिवहन कार्यालयाची परवानगी ही बाजू मी माझ्याकडे घेतली होती, तेव्हा आम्ही तिघं निघालो. काकूंनी दशम्या बांधून दिल्या. दारात म्हणाल्या, "मले पाहायले आले होते तव्हा दहा मिनिटांत हो म्हटलं होतं. इंजनाले तीन जणं चालले."

काका म्हणाले, "तव्हा अनुभव नव्हता."

गोदामात इंजिनं बाजारात वांगी मांडावीत तशी मांडलेली. शेठनं आमचा फोन आल्यावर एक आधीच चालू करून ठेवलं होतं. छान चाललेलं, धूर नाही, आवाज एकसारखा. काकांनी ते बंद करायला सांगितलं, तळहात टेकवला, भाजल्यासारखा उचलला आणि शेजारच्या रिकाम्या पिंपावर बसून दशमीचा डबा उघडला. शेठला कळेना. त्यानं मला विचारलं, काकांना आवडलं नाही का? मी सांगितलं, थंड होण्याची वाट पाहताहेत. थंड इंजिन पहिल्या झटक्याला कसं उठतं यावर ते ठरवतील. गरम काय, कोणीही चालतं.

जेवताना रऊफभाईंनी मला बाकीचं समजावलं. एक, पंप साधा हवा, कॉम्प्युटरवाला नको. कॉम्प्युटरवाल्या इंजिनाच्या वायरी तिकडे उतरवतानाच कापलेल्या असतात; मग इंजिन नवंकोरं, पण त्याला सांगणारा कोणी नाही. दोन, इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं चेंबर असतं, ते मागच्या बाजूला हवं. पुढे असलं तर जीपच्या पुढच्या आसावर आदळतं. शेठ कॉम्प्युटरवालं नवं इंजिन दाखवत होता, ताकद दुप्पट सांगत होता. काका म्हणाले, ताकद मले नको, मले ते धूलकोटच्या पुढे, पान्यानं उघडता आलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत इंजिन कोमटच होतं. तेव्हा काकांनी खिशातून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. काकूंच्या शिवणाच्या डब्यातलं. त्या इंजिनाच्या पंख्याच्या पात्याला दोरा बांधला, दुसरं टोक शेजारच्या खिळ्याला. मग आत फिरले आणि कोपऱ्यात, टायरांच्या मागे धूळ खात पडलेल्या अजून एका इंजिनालाही तसाच बांधला. शेठला सांगितलं, सकाळी येतो. सकाळी आलो तर पहिल्याचा दोरा तुटलेला. शेठची माणसं पहाटे येऊन ते तापवून गेली होती. काकांनी तुटलेला दोरा सोडून खिशात घातला आणि कोपऱ्याकडे गेले. तिथला दोरा जसाच्या तसा होता.

ते दुसरं इंजिन एका जपानी मालवाहू गाडीचं होतं. साधा पंप, चेंबर मागे. खडू घासून नंबर वाचला, मी कागदाशी जुळवला. रऊफभाईंनी बॅटरी जोडली. दुसऱ्या झटक्याला उठलं, जरा पांढरा धूर सोडला आणि शांत झालं. काकांनी तेलाचं झाकण उघडलं, आतून पाहिलं; पाणी मिसळलं असतं तर ताकासारखा फेस दिसला असता, नव्हता. मग झाकण उलटं करून त्याच भोकावर नुसतं ठेवलं. इंजिन थकलेलं असलं, तर आतून हवा येऊन झाकण नाचतं. झाकण हललं नाही. काका त्याच्याकडे बघत उभे राहिले. शेठ म्हणाला, गंजलंय बाहेरून, कोणी घेत नव्हतं. काका म्हणाले, "समुद्रातून आलं आहे, भिजलं असेल. आत कोरडं आहे."

भाड्याच्या ट्रकनं इंजिन बुरहानपूरला आलं. पुढचे कित्येक दिवस अंगण रऊफभाईंचं. जुनं इंजिन काढलं, नव्यासाठी बैठका कापून पुन्हा वेल्डिंग केल्या, पाण्याची नळी फिरवून घेतली. या इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे मागचं फिरतं चाक, जड होतं आणि क्लच त्याला साजेसा मोठा. रऊफभाई म्हणाले, ओढ मोठी तर पकड मोठीच लागणार. काकांनी क्लचची प्लेट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली, वजन पाहिलं, नख लावून जाडी पाहिली आणि खूश होऊन काकूंना दाखवायला आत नेली. काकू पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, तेलाचे हात कुठी लावू नका. मीही माझ्या बाजूचं काम पुरं करत आणलं होतं. सगळं वेळेत चाललं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी अंगणात चालू झाली आणि रऊफभाईंनी हात धुतले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि त्याला आमंत्रण देतात. काकांकडे बैल नव्हते. त्यांच्या वडिलांकडे होते. जीप घेतल्यापासून ते हे सगळं जीपला करत. वाटीत हळद-तूप घेऊन पुढच्या चाकांवरच्या पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगांना, चोळायला बसले. रऊफभाई वाकून बघत होते. म्हणाले, काका, ग्रीस लावू की हळद बस? काका म्हणाले दोन्ही लावा. मग उभं राहून, टोपी सारखी करून, बॉनेटवर तळहात ठेवून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." नव्या इंजिनाला मराठी समजत नसेल म्हणून रऊफभाईंनी तेच हिंदीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, नितीन सकाळी उतरला. त्याची एकच दिवसाची रजा. म्हणाला, चला, लगेच जाऊन येऊ. काका म्हणाले, आज नाही. आज पोळा आहे.

नितीनला आधी गंमत वाटली. मग त्यानं समजावलं, रजा नाही, रात्री गाडी आहे. काका ऐकून घेत होते आणि झेंडूची माळ ओवत होते. पोळ्याला बैल जुंपत नसतात, एवढंच त्यांचं उत्तर. जीप न्हाऊन, गेरूचे ठसे लावून उभी होती, बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य. मी काहीतरी कारण काढून आत जाणार होते, पण नितीन माझ्याकडे वळून मलाच म्हणाला, "ताई, तुम्ही सांगा. ही गाडी चालते तरी का? की आजचा दिवस काढायचा म्हणून हे सगळं?"

मी म्हणाले, काल चालली, मी पाहिली. पण काकांनी ते ऐकलं होतं. माळ ओवायची थांबली. मला वाटलं आता किल्ली घेतील. उठून एकदा सुरू करून दाखवली असती तर विषय संपला असता. त्यांनी सुई पुन्हा फुलात घातली.

"मले खोटं पाडायचं असेल तर उद्या पाड," म्हणाले. "तिले आज नाई उठवणार मी."

नितीन फाटकाबाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलत उभा राहिला. परत आला तेव्हा चप्पल काढून आत गेला आणि काकूंना म्हणाला, वाढ. त्यावरून आम्हाला रजा वाढवल्याचं कळलं.

म्हणून दुसऱ्या दिवशीची ती हजेरी. काका चालवायला, शेजारी नितीन, मागे काकू, रऊफभाई आणि मी. गाडी थंड, पहिल्याच झटक्याला उठली. धूलकोटपर्यंत नितीन रस्त्याबद्दल, दुकानांबद्दल, कोणी कुठे बंगला बांधला याबद्दल बोलत होता. पक्का रस्ता संपला. नाला सहज पार झाला, पाणी पायावर उडालं. मग काकांनी हात वर केला आणि सगळे गप्प झालो.

चढ निम्मा झाला तोवर इंजिनाचा आवाज बदललासुद्धा नाही. रऊफभाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आणि वरून बैलगाडी आली. कालच्याच रंगवलेल्या शिंगांचे बैल, गोंडे अजून तसेच. वाट एकाच गाडीची. काकांनी जीप कडेला दाबून थांबवली, बैलगाडी गेली. आता तिथून, निम्म्या चढावर, थांबलेल्या गाडीला उचलायचं होतं. अशा वेळी क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, पाय एका जागी स्थिर ठेवावा लागतो. गाडी हातभर मागे आली. ब्रेक. पुन्हा. पुन्हा मागे. मागच्या सीटवरून मला काकांचा डावा पाय दिसत होता. तो थरथरत होता, शिलाई मशीनच्या पेडलवर असावा तसा. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरायचा प्रयत्न केला, पण मग स्टिअरिंग कोण धरणार? इंजिन एकदाही बंद पडलं नाही. ते आपलं संथ चाललं होतं, वाट बघितल्यासारखं.

काकांनी हँडब्रेक ओढला. रऊफभाई आधीच उडी मारून चाकामागे दगड लावत होते. काका खाली उतरले, बॉनेटला धरून समोरून वळसा घालून नितीनच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"सरक. तू घे."

"पप्पा, तुम्ही थोडा आराम करून..."

"पहिल्यातच ठेव. रेस कमी दे. ते ओढते, तू घाई नको करू."

नितीन चढवत गेला. दोनदा धक्के बसले, काकूंनी माझा हात घट्ट धरला, पण बोललं कोणी नाही. वर सपाटीला, शेताच्या बांधाशी गाडी थांबली. काकांनी बसल्या बसल्या स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. नेहमी थांबायचे त्यापेक्षा जास्त थांबले.

"इंजन बराबर निवडलं," ते म्हणाले. "पाय पाहायचा राह्यला."

नितीन म्हणाला, क्लच जड आहे खरंच, माझाही पाय भरून आला. त्याचा भरला होता की नाही ते मला सांगता येणार नाही, तो तरुण माणूस. रऊफभाई लगेच म्हणाले, काही टेन्शन नाही, बूस्टर येतो याला, त्याच जपानी गाडीचा, लावला की बोटानं दबेल क्लच, मागवून घेऊ. नितीनही म्हणाला, मागवा, मग चढ बघू, मी काही लगेच म्हणत नाही. त्याला मनापासून तसं वाटत होतं. आपण जिंकलो याचा त्याला आनंद झालेला नव्हता.

काका म्हणाले, चढ मी नाही चढलो. ठरलं ते ठरलं.

काकू ती मोठी पिशवी घेऊनच आल्या होत्या. तिच्यात बांधून आणलेलं जेवण होतं. त्यांनी बांधावर वाढलं. पुण्याला जायचं म्हणून आखाजीपासून घरात भांडणाऱ्या त्याच, पण त्या दिवशी त्यांनी त्या गावाचं नाव काढलं नाही. काकांना पोळी वाढताना एवढंच म्हणाल्या, पाय पसरून बसा.

शेत विकलं नाही. नितीननंच नको म्हटलं, बटाईनं दिलं. घर माझ्या भरवशावर ठेवलं, जीप अंगणात. बूस्टर मागवायचं काम काकांनी माझ्याकडे दिलं. "लागला की कळवा, मी येतो."

पुण्याच्या गोष्टी काकूंच्या फोनवरून कळायच्या. सोसायटीत काका सकाळी फिरायला जाताना उभ्या गाड्यांच्या बॉनेटला हात लावत जात, आणि मग दुपारी कोणाचा मुलगा रात्री किती उशिरा आला ते बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगत. कोणीतरी तक्रार केली. नितीननं त्यांना समजावलं, पप्पा, इथे दुसऱ्याच्या गाडीला हात लावत नाहीत. काका म्हणाले, मग ओळख कशी होते इथं? पण हात लावणं बंद केलं. त्यानंतर त्यांचे मला फोन वाढले. बूस्टर आला का? कंटेनर कुठे अडकला? शेठला म्हणा, नवा नको, त्याच गाडीचा दे. गाडी आठवड्यातून एकदा चालू करता ना? बटाईवाल्यानं तूर लावली की कापूस? पाय आता चांगला आहे. रोज जिना चढतो, लिफ्ट नाही घेत.

ते जिना चढत होते हे काकूंनीही सांगितलं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं.

काका गेल्या थंडीत गेले. झोपेत. आम्ही, मी आणि रऊफभाई, पुण्याला जाऊन आलो. परत येताना भुसावळला रऊफभाईंनी चहा घेतला. मग म्हणाले, मी त्या दिवशी क्लच पाहिला होता, काकांना पाहिलं नव्हतं.

बूस्टर त्यानंतर आला. खोक्यात, गवतासारख्या जपानी कागदात गुंडाळलेला. मला वाटलं नितीन म्हणेल आता परत करा, गाडीही काढून टाका. मी फोन केला. तो म्हणाला, "लावून घ्या ताई. गाडी विकायची नाही."

मी रऊफभाईंना निरोप दिला. ते आले, खोकं उघडलं, भाग हातात फिरवून पाहिला, चांगला आहे म्हणाले. जीपमध्ये बसले, पेडल दाबून पाहिलं आणि तसेच बसून राहिले. बूस्टर बसवला की पेडल किती उंच ठेवायचं, किती दाबल्यावर पकडायचं, हे चालवणाऱ्याच्या पायाला बघून बांधतात. काकांचा पाय आखूड होता. नितीन उंच आहे. बटाईवाला कधीमधी चालवेल तर त्याचा तिसराच.

"दीदी," ते म्हणाले, "पाय कोणाचा धरू?"

मी म्हणाले, विचारून सांगते. बूस्टर माझ्या दुकानात, ठिबकच्या नळ्यांच्या वरच्या फळीवर आहे. नितीनला अजून विचारायचं राहिलं आहे.